अंगठा, डावा

ओपुवोच्या कचेरीत पंखा आहे, फिरत नाही.
आई बाकावर बसत नाही.
तिला ठाऊक आहे, ती उठली की
लाकडावर गेरूचा आकार उरतो
आणि झाडणारी बाई मग माझ्याकडे बघते.
जमिनीवर बसली आहे, पाय लांब करून,
घोट्यावरचे मणी धुळीत आणि लोण्यात एकजीव.

कारकून नवा, समुद्राकडच्या गावचा.
मधे मी.

नाव?
कापांदू.
कूळ?
आईकडून एक, बापाकडून दुसरं.
त्याच्या चौकोनात एकच मावतं.
जन्म?
ज्या वर्षी गाई उभ्याउभ्या मेल्या
त्याच्या पुढच्या पावसात, म्हणते ती.
मी लिहिते, एक जानेवारी.
माझ्या ओळखीच्या साऱ्या बायका एक जानेवारीच्या.

काम काय?
कुनेनेच्या काठचं मक्याचं शेत,
चाळीस पावलं रुंद.
बाप गेला, तेव्हा गाई गेल्या त्याच्या बहिणीच्या मुलाकडे.
ती रीतच. आईने हूं की चूं केलं नाही,
उलट एक काळं वासरू मोजायचं राहिलं होतं,
ते तिनेच आठवून दिलं.
पण परवा उआहिंदुआकाका कुंपणाशी आला
आणि काठीने दाखवून म्हणाला, हेही.

कुंपणाचे काटे तिच्या हातात मोडलेले.
पूर उतरला की गाळात पहिलं पाऊल तिचं.
हेही म्हणजे?

कायद्यात आहे, कारकून म्हणतो,
विधवेचं शेत विधवेकडेच.
कुणी केला कायदा, ती विचारते.
विंडहुकला केला.
मग त्यांना उआहिंदुआ कसा ठाऊक?
यावर तो हसला. आई हसली नाही.

आता फोटो.
डोक्यावरचं ते कातडं काढायला सांगा,
कान दिसायला हवेत.

मी आठ वर्षांची होते
तेव्हा वसतिगृहाच्या ओट्यावर
मेंढ्यांच्या कात्रीने माझ्या दोन्ही वेण्या उतरवल्या,
आणि संध्याकाळपर्यंत माझं नाव एस्थर झालं.
वेण्या आईने फडक्यात बांधून नेल्या,
भांडली नाही.
आज सकाळी पेट्रोलपंपावर
एका पाहुण्याने गाडीतूनच तिला टिपलं.
त्याला कान नको होते.

काय म्हणतो हा, आई विचारते.
तो म्हणतो, हलू नकोस.

ती हलली नाही.
लग्नात चढवलेलं ते करडाचं कातडं
दोन शिंगांसारखं ताठ.
कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं,
मागच्या रांगेकडे पाहिलं,
आणि कळ दाबली.

अंगठा मात्र सुटला नाही.
काचेला लाल वाचता येत नाही.
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा नुसता डाग.
त्याने ओलं फडकं दिलं.
आईने पुसला, सावकाश,
जसं कुणा दुसऱ्याचं नाक पुसावं तसा.
खाली तपकिरी कातडी निघाली, बारीक रेषांची,
एका बाजूला काट्याचा जुना व्रण.
माझ्याच अंगठ्यासारखा अंगठा.
सतरा वर्षांत मी तो पाहिला नव्हता.

तीन आठवड्यांनी या.
हातात एक पावती.

बाहेर, बंद दुकानाच्या सावलीत,
तिने कमरेच्या शिंगातून गेरू काढला,
आधी अंगठा भरला, मग कागद मागितला.
यात शेत कुठे आहे?
मी आकडा दाखवला.
एवढंच?
एवढंच.
तिने आकड्यावर बोट टेकलं, उचललं.
आता दिसतं, म्हणाली.

परतीच्या ट्रकात जागा कमी, शेळ्या जास्त.
माझा शाळेचा सदरा पांढरा,
म्हणून ती जपून पलीकडे सरकली.
मीही सरकले.